तळेरे फाट्यावरची मोजणी

सकाळी सहा ते दुपारी दोन, ही माझी पाळी.
पंक्चरच्या टपरीला पाठ लावून
मी काड्या ओढते,
चार उभ्या, पाचवी आडवी.
दुचाकी म्हणजे अर्धी मोटार,
एसटी म्हणजे तीन,
बैलगाडी म्हणजे आठ.
बैलगाडीचा रकाना सहा दिवस कोराच आहे,
तरी तो खोडायचा नाही
असं बोरवणकर साहेबांनी बजावलंय.

आठवडा फेब्रुवारीतला, मुद्दाम निवडलेला.
गणपती नाहीत, शिमगा लांब, आंबा अजून झाडावर.
सामान्य दिवस म्हणतात याला.
म्हणजे जे खरंच इथे राहतात
तेवढेच रस्त्यावर.

दुपारनंतर घरभेटी.
नाव, वय, लायसन, गाड्या किती.
वारगावच्या एका वाडीत तेवीस घरांना कुलूप.
शेजारी सांगतात: नालासोपारा, दिवा,
एक मुलगा मस्कतला.
कुलपाचं वय कुठल्या रकान्यात लिहू?
शाळेचा पट चार,
त्यातली दोन पोरं मास्तरांचीच.

साहेबांच्या लॅपटॉपवर रेघ मात्र वर चढते,
दर साल शेकडा पाच, वीस वर्षं,
माणसं जणू करवंदं,
दर मोसमाला जाळीत आपोआप धरणारी.
मी विचारलं, या रेघेत बसणार कोण?
म्हणाले, जिल्ह्याची सरासरी.
मग बाटलीचं झाकण फिरवत, जरा वेळाने,
"आमचे आईवडील सांगलीला एकटेच.
गाडी दारात आहे. बॅटरी उतरलेली."

टपरीवाला मनोहर पांचाळ ट्यूब पाण्यात दाबतो,
बुडबुडे बघतो.
"गाडये मोजतंस ता बरा गो.
माणसां मोजूक कोण येतलो?"

इंदुमती राणे. वय त्रेसष्ट.
गाडी एक, यजमानांची, ताडपत्रीखाली.
त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
दोन वर्षं बॉनेटवर कोंबडी बसते.
चालवतं कोण, मी सवयीने विचारलं.
"मी. शिकतंय.
कणकवलीचो डॉक्टर काय आमच्या पडवीत येवचो नाय."

तक्त्यात साठीपुढच्या बायका,
लायसन: शून्य.
आधीच छापलेलं.
माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं,
ती जन्मभर डावीकडच्या सीटवर,
मांडीवर पिशवी, पायाने नसलेला ब्रेक दाबत.
मी चौतीस. लायसन एकविसाव्या वर्षी काढलं.
ती रेघ जिथे संपते तिथे मी चौपन्न,
गुडघे कसे असतील कोण जाणे,
पण चावी माझ्याच पर्समध्ये असेल.
हे साहेबांना सांगितलं.
एका बाईवरून आकडा हलत नाही, म्हणाले.
तरी मी शून्य खोडून एक लिहिला,
बाजूला सही केली.

आज शेवटची पाळी.
एक वाजून चाळीस मिनिटं.
विजयदुर्गच्या अंगाने एक पांढरी मोटार,
काचेवर लाल एल, दुसऱ्या गिअरमध्ये,
शिकवणारा पोरगा दाराला घट्ट धरून,
मागच्या सीटवर काळा चष्मा लावलेले राणे.
बरोबर फाट्यावर ती बंद पडली.
मागून एसटीचा हॉर्न, त्यामागे डंपरचा.
इंदुमतीबाईंनी आरशात बघितलंही नाही.
चावी फिरवली. पुन्हा फिरवली.

माझ्या कागदावर चार काड्या उभ्या होत्या.
मी पेन टेकवून थांबले,
गाडी फाटा ओलांडेपर्यंत मोजायची नसते.