साहित्य आणि कृती

साहित्य:
झिंक ॲसिटेट, दोन ग्रॅम.
ऊर्ध्वपातित पाणी, शंभर मिली.
रॉयबॉसची पाने, दहा ग्रॅम,
'स्थानिक ठिकाणाहून मिळवलेली'.

स्थानिक म्हणजे
केपटाऊनहून चार तास उत्तरेला,
शेवटचा तास नुसती खडी,
गाडीच्या काचेवर सेडरबर्गची लाल धूळ.
स्थानिक म्हणजे माझा बाप, अपोलस सलोमो,
जानेवारीच्या उन्हात कमरेत वाकून
झुडपाच्या शेंड्यांची मूठ आवळणारा.
एक मूठ, एक काप. पुढचं झुडूप.

पानं ठेचायची, ढीग रचायचा, पाणी शिंपडायचं,
मग रात्रभर ढिगाला घाम येऊ द्यायचा;
पहाटे ढीग लाल होतो
आणि अंगणभर मधाचा वास.
मला मात्र हिरवीच हवी होती.
"घाम न आलेली?" पा म्हणाला,
"त्याला चव ती काय?"
प्यायची नाहीयेत, म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
चहा न पिणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसा.

कृती:
पाने उकळून गाळून घ्यावीत.
(काढाच की हा.
फक्त चुलीऐवजी हॉटप्लेट,
आणि डाव आपोआप फिरतो, चुंबकावर.)
झिंक थेंबाथेंबाने सोडावे.
ऐंशी अंशांवर दोन तास.
तळाशी पिवळट साका बसेल,
तो धुवावा, पुन्हा धुवावा, वाळवावा
आणि भट्टीत ठेवावा. पाचशे अंश.

पाचशे अंशांवर पान उरत नाही.
डोंगर, धूळ, कडवट हिरवा वास,
सगळं चिमणीतून बेलव्हिलच्या आभाळात.
मुशीत चिमूटभर पांढरं.
इतकं हलकं, की श्वास आवरून वजन करते.
सूक्ष्मदर्शकाखाली वीस नॅनोमीटरचे गोल दाणे,
शेजारी शेजारी, एकमेकांना न चिकटता.
त्यांना असं सुटं कुणी ठेवलं,
पानातल्या नेमक्या कुठल्या रेणूने,
हे परीक्षकांनी दोनदा विचारलं.
दोन्हीदा मी 'बहुधा' लिहिलं.

घरी असल्याच पांढऱ्या झिंकचं मलम आहे,
चपट्या डबीत, झाकण वाकलेलं.
पा ते बोटांच्या भेगांत भरतो, झोपण्याआधी.

दुसऱ्या वर्षी दाणे बिघडले.
तेच वजन, तेच अंश, तीच मी,
आणि पडद्यावर नुसते गठ्ठे,
कुणीतरी भात ढवळायला विसरल्यासारखे.
तीन वेळा केलं. तीन वेळा गठ्ठे.
शेवटी घरी फोन केला.
"खालचं सगळं वाळलं ना यंदा,"
पा म्हणाला, "वरच्या उतारावरनं कापलं.
पाऊस कुठं होता?"
मग थोडं थांबून,
"दरवर्षी तोच चहा कसा लागेल, पोरी?"

मी 'स्थानिक' खोडलं.
लिहिलं: उत्तर उतार, दुसरे दुष्काळी वर्ष,
कापणी अपोलस सलोमो यांनी, विळ्याने.
आता प्रोफेसर म्बेकेनी लाल पेन काढणार,
नाव उडवणार, असं धरूनच चालले होते.
त्यांनी नाव तसंच ठेवलं.
'विळ्याने'पाशी थांबल्या.
"कसला विळा? लोखंडी?
मग ते लिहायला हवं."

आणि मला तो आलेख आठवला,
दोन्ही वर्षांच्या नमुन्यांत
झिंकच्या उंच शिखरांमागे
लोहाचा एक बारका उंचवटा,
जो आम्ही काचेच्या भांड्यांच्या माथी मारला होता,
भांडी दोनदा ॲसिडने धुतली होती,
तरी तो तिथेच.

विळा आजोबांचा आहे.
पा त्याला दगडावर धार लावतो,
पण पात्याच्या मुळाशी, मुठीत शिरतं तिथं,
गंज कधीच निघत नाही.

गंज म्हणजे ऑक्साइडच, पा.
तोही धातूचाच.
अजून सिद्ध काही नाही. नमुना पाठवलाय.
तू तेवढा विळा
घासून ठेवू नकोस, मी येईपर्यंत.