सारवायची राहिलेली बशी

शनिवारी घाई होती. तळ्यावरचं धुकं
यानिनाच्या शेवटच्या बसथांब्यापर्यंत चढलेलं,
आणि सहा बशांपैकी एक सारवायची राहिली.
फायब्रोनेक्टिनचा पातळ हात,
डोळ्यांना दिसणारही नाही असा.
तेवढाच चुकला.
बाकी सगळं दिलं मी त्यांना :
साखर, मीठ, सदतीस अंशांची ऊब,
आणि वाढीचा घटक, थेंब मोजून,
उलट एक जास्तच.
त्या थेंबाला माझा दोन दिवसांचा पगार पडतो.

सोमवारी पाच बशांत पेशी पाय पसरून,
जेवणं उरकून अंगणात लवंडलेल्या बायकांसारख्या.
कुठे एकीच्या दोन होत होत्या.
सहावीत नुसते गोळे,
तरंगते, चकचकीत,
काही विरघळत चाललेले.

झिसिस सर म्हणाले, निरोप पोचला होता गं.
घटकाने दाराची कडी वाजवलीसुद्धा.
पण जमीन धरून बसलेला दुसरा कुणी लागतो,
इंटेग्रिन,
खाली घट्ट धरणारं आणि आत सांगणारं
की धरलंय, वाढ आता.
दोघांनी मिळून सांगितलं तर पेशी मनावर घेते.
एकट्या घटकाचं ऐकते,
आणि विसरते.
मग त्यांनी वहीत मरणाचं कारण लिहिलं :
आनिकिस.

हा शब्द जगभर घोकून पाठ करतात.
फरशी पुसणाऱ्या लाम्ब्रिनीला तो नुसता ऐकू आला.
"बेघर? कोण बेघर?"

तिचं गाव धरणाच्या पाण्यात आहे.
एखाद्या कोरड्या सप्टेंबरात पाणी उतरलं
की ती बसने जाते,
स्वयंपाकघराच्या उरलेल्या फरशीवर
चपला काढून दहा मिनिटं उभी राहते,
परत येते.

"खायला घातलं नव्हतंस?"
"घातलं. जास्तच."
"मग?"
"खाली काही नव्हतं."
तिने फडकं पिळलं.

मग उगाचच मी तिला सातवी बशी दाखवली,
मुद्दाम न सारवलेली.
इस्पितळातून आलेल्या पेशी,
कुणाच्या तरी फुप्फुसातल्या.
कशालाही न धरता वाढलेल्या,
द्राक्षांचे घोस व्हावेत तशा.
"यांना नाही लागत?"
"नाही."
बराच वेळ ती भिंगाला डोळा लावून होती.
"माणूस कसा आहे?"
मला ठाऊक नव्हतं.
बशीवर फक्त आकडा होता.

आज नव्या सहा सारवल्या,
तासभर थर बसू दिला.
पेशींच्या खोलीकडे निघाले तर
"थांब," लाम्ब्रिनी आतून ओरडली, "ओली आहे अजून."

हातात बशा घेऊन
मी उंबऱ्यावर उभी राहिले.