मालकाचा रकाना

सातपूरच्या कारखान्यात, जिन्याखालच्या खोलीत
एक सर्व्हर चौदा वर्षं चालू आहे.
महिनाअखेरीला तो पुण्याला जाणार.
म्हणजे पेटी इथेच राहील, आत्मा तेवढा जाईल,
असं कडलग साहेब म्हणतात आणि स्वतःच हसतात.

त्यांनी दिलेली यादी अर्ध्या पानाची:
हजेरी, पगार, गोदाम, ईमेल.
"एवढंच चालतं त्याच्यावर, हेमांगी. दोन दिवसांत उरकून टाक."

मी एक कमांड मारली.
पडद्यावर ओळी उतरत राहिल्या,
बोट ठेवून मोजल्या, एकवीस.
प्रत्येकीत एक आकडा, आणि बहुतेकींपुढे एकच शब्द:
ऐकतोय.
कुणाचं, ते लिहिलेलं नसतं.

एकशे तेवीसवर घड्याळ.
एकतीस यंत्रं याला वेळ विचारतात,
आणि साहेबांच्या यादीत वेळ नव्हती.
सहाशे एकतीसवर डिस्पॅचचा प्रिंटर.
डिस्पॅच कोरोनातच अंबडला गेलं.
रांगेत अजून एक चलन ताटकळतंय,
फवारणी पंपांचे चाळीस व्हॉल्व्ह, पिंपळगाव.

एका रात्रीत सगळे दिसत नाहीत.
कुणी पगाराच्या आदल्या दिवशी येतं, कुणी फक्त मार्चला.
मी येणारं-जाणारं टिपत बसले. दोनाचे नऊ दिवस झाले.
निफाडला पारा सहावर, इथे एसी अठरावर;
आत शिरताना शाल काढून ठेवायची मी.

शेवटी उरला चार हजार सातशे सत्तेचाळीस.
प्रोग्रॅमचं नाव, नवीन फायनल दोन. फोल्डर खैरनारांचं.
खैरनार निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
दर मिनिटाला एकच पत्ता यायचा, एक अक्षर विचारायचा,
शून्य घेऊन परत जायचा.

केबल धरून निघाले. स्विचचं एकोणिसावं भोक,
मग पाइपाला सुतळीनं बांधलेली, शेड दोनच्या पत्र्यावरून,
थेट पाण्याच्या टाकीपर्यंत.
तिथे एक करडा डबा,
आणि डब्यावर भोंगा.

तर हे असं होतं.
डबा दिवसातून चौदाशे चाळीस वेळा विचारतो: आता?
चौदाशे सदतीस वेळा सर्व्हर म्हणतो, नाही.
तीनदा म्हणतो, हो.
त्या तीन होकारांवर अशोकनगरात कुकर उतरतात,
नाना पगारे रिक्षात शाळेची पोरं भरायला निघतो,
आणि माझी आई, जिनं या कारखान्याचं गेटही पाहिलं नाही,
दुपारची गोळी घेते.

मग कोड उघडला.
तीन वेळांच्या खाली चौथी ओळ:
सतरा फेब्रुवारी, अकरा वीस.
शेजारी शेरा, दगडू निकम, प्रेस शॉप.
सुरक्षा विभागाच्या वहीत दर वर्षी त्या तारखेला
नोंद आहे: "भोंगा चाचणी. समाधानकारक."

खैरनारांना फोन लावला. दिंडोरीला असतात, मुलीकडे.
कानाला कमी येतं; ती ओरडून सांगत होती,
कारखान्यातून, बाबा, कारखान्यातून.
बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले,
"वाजतो?"
मी म्हटलं, हो.
"अकरा वीसलाच ना? त्याचं घड्याळ पुढे पळायचं."
म्हटलं, वेळ बरोबर आहे. मी तपासली.

तक्ता भरला. पोर्ट, काम, कोण वापरतं, मालक.
चार हजार सातशे सत्तेचाळीसपुढे
कोण वापरतं, ते रकान्यात मावेना.
मालक रिकामा सोडला.
शेऱ्यात लिहिलं: हलवू नये. पेटी चालू राहील.

कडलग साहेब म्हणाले, एका भोंग्यासाठी?
वर्षाचं वीजबिल किती येईल ते काढून दे.

काढतेय.