लाल फडकं

कातळावर मंगळ उतरवायचा होता,
म्हणून ते देवगडला आले, मार्चात,
सड्यावरचं गवत जळून काळं झालेलं
आणि अनवाणी पायांशी दगड भांडत असतो तेव्हा.

यान नंतर येणार, म्हणाले दस्तूरसाहेब,
मुंबईत, कॉम्प्युटरातून.
तोवर यानाच्या जागी मी:
सातवीतला पोर, बारा हात बांबू,
टोकाला आईच्या विटक्या लुगड्याचं फडकं, लाल.
"सगळ्यांनी इकडे बघा. हे यान. आता घाबरा."

घाबरले. काही जण हसत हसत घाबरले.
तातू शिरसाट दोनदा पडला,
त्याला एकदाच सांगितलं होतं.
गिरजू खवणेकरीण मात्र
मान वर करून अशी बघत राहिली
की कॅमेऱ्यामागची माणसं गप्प झाली.
"हिला दशावतारात कुणी घेतलं कसं नाही?"

घार होती वर.
आणि खाली, कातळावर,
गिरजूचे तीन सुपं सोडे वाळत होते.

अकरा सेकंदांचं यान.
त्यासाठी म्हणे यंत्र सोळा रात्री जागलं,
एकेक चित्र उकड्या तांदळासारखं,
घाई केली की कच्चं.

श्रावणातल्या एका रविवारी
डॉक्टरांच्या ओसरीवर अर्धी वाडी,
बाकीची गडग्यावर.
आलं यान.
नुसते त्रिकोण, नव्या पत्र्यासारखे गुळगुळीत;
काजूंवरून सरकत आलं
आणि सड्यावर टेकलं, जरा अधांतरीच.
पोरांनी टाळ्या पिटल्या.
होड्या बांधणारा भिवा मेस्त्री हळूच म्हणाला,
"सावली खंय? भुताक सावली नसता."

गिरजू उठली, काचेला बोट लावलं,
"आणि माजी घार? ती खंय गेली?"

डॉक्टरीण म्हणाली, बसा हो, मागच्यांना दिसत नाही.

यानाखाली घार गेली होती,
बांबू गेला होता, मी गेलो होतो.
आई शेवटपर्यंत विचारत होती, तू कुठेयस?
मी म्हणत होतो, ते काय, ते चकचकीत.

कॅसेटला बुरशी आली. यंदा भाच्याने
उरलंसुरलं उतरवून दिलं,
तर एकेक चित्र थांबवून पाहिलं.
यान वळतं तिथे
कुणाच्या तरी हिशेबात एक कोपरा कमी पडलाय.
दोन चित्रं, फार तर तीन.
त्या फटीत
लाल ठिपका.

हात भरून आले होते माझे,
बांबू जरासा कलला होता.