हिंट

तपकीर गल्ली, जिना चढून डावीकडे.
मोघेकाका लॅपटॉप छातीशी धरून आले,
मागून काकू, चार्जरची पिशवी घेऊन.

पासवर्ड चुकला की खाली एक ओळ उमटते,
आपणच कधीतरी लिहून ठेवलेली:
‘नेहमीचाच.’

काकांनी ती तीनदा वाचली.
‘नेहमीचा म्हणजे कुठला हो?’
मला विचारलं, मग काकूंना,
मग खिडकीबाहेरच्या वायरींच्या गुंत्याला.

म्हटलं, जुना आता कुणालाच दिसत नाही.
पुसून नवा घालता येतो फक्त.
‘तुम्हालाही नाही कळणार?’
नाही.
‘मग ठीक,’ म्हणाले, आणि जरा सैल बसले.

पेनड्राइव्ह लावला. काळा पडदा, पांढरी अक्षरं.
नवा टाका, म्हणत मी भिंतीकडे वळलो.
काकूही वळल्या, न सांगता,
कॅलेंडरावरची होऊन गेलेली संकष्टी वाचत राहिल्या.

एकेक कळ. मोठा थांबा. पुन्हा एकेक.
दोनदा घालावा लागतो, काका.
‘माहितीये. बँकेत तिजोरीला आम्ही
किल्ल्याही दोन लावायचो.
दुसरी माझ्याकडे नसायची.’

हिंटच्या चौकटीत मात्र त्यांनी मला बघू दिलं:
‘हिला विचार.’

काकू अजून भिंतीकडेच तोंड करून.
अडीचशे झाले. पावती मागितली.