बापाचा रकाना

व्हाळाच्या दोन्ही अंगांनी चढत होतो आम्ही,
मी आणि शेवंती घाडी,
रानातल्या रातांब्यांची पानं गोळा करत.
झाडागणिक दोन पानं, लालसर, कोवळी,
सिलिका जेलच्या पुडीत बंद.
पुडीवर नंबर, तारीख, अक्षांश, रेखांश.

शेवंती नंबराकडे बघायची नाही.
"ही गोडी. हिची सोलां दोन उन्हांत कडक.
हिचां आगळ काळांकुट.
आणि ही, आमची चुलती गेली त्या सालाक
धरलीच नाय."
मी ते लिहून घ्यायचे शेवटच्या रकान्यात,
जिथे नुसतं 'शेरा' असं छापलेलं असतं.

वळणावर एक खुंट. मांडीएवढा.
"हो नर. बाबल मेस्त्रीन तोडल्यान गेल्या शिमग्याक,
काजीच्या कारखान्याक घातल्यान, भट्टीत.
नराक खंय फळां धरतत?"
रातांब्याचं हे असंच.
सात-आठ वर्षं काही बोलत नाही,
मग एका थंडीत फुलतो,
आणि तेव्हा कळतं कुऱ्हाडीला.

खुंटाला मी नंबर दिला नाही.
पान नव्हतं. पान नाही तर नोंद नाही.

दापोलीला प्रयोगशाळेत
तीन आठवडे त्या पानांनी दाद दिली नाही.
वाटलं की चिकट, ठेवलं की तपकिरी.
डीएनए म्हणून हाती येई तो नुसता डिंक.
शेवटी द्रावणात मीठ वाढवलं
आणि एकटीच हसले:
सोलांनासुद्धा हेच करतात.

मग जांभळ्या उजेडात पट्टे उमटले,
माडाच्या खोडाला पाडलेल्या खाचांसारखे,
कुठे जवळ, कुठे लांब,
जो चढणार त्याच्या ढांगेच्या मापाने.
प्रत्येक रोपाच्या अर्ध्या खाचा आईच्या.
उरलेल्या ज्याच्या, तो बाप.

शेवंतीच्या त्या गोड झाडाखालची
एकतीस रोपं.
उभे नर सहा, सहाही तपासलेले.
बारा रोपं कुणा ना कुणाच्या नावावर लागली.
एकोणीस रोपांत एक खाच अशी
जी सहांपैकी एकाकडेही नाही.
तक्त्यात अशा वेळी 'अज्ञात' लिहायची पद्धत आहे.
मी लिहिलं. खोडलं.
रात्री साडेआठला फोन लावला.

"तो खुंट गो, शेवंती."
"हां, फुटवो इलो हा तेका. बकऱ्यो खातत."

तिसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरने
आमसुलांची पिशवी हातात दिली.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली
तीन पानं, वासाने आंबट,
एकाचा शेंडा कुरतडलेला.

जुळलं.
एकोणीसच्या एकोणीस.
इतर सहा जण उभे होते, फुलत होते,
आणि तिळाएवढे किडे
दर थंडीत अंगाला पराग माखून
त्याच वळणावरून येत राहिले.
का, ते माझ्या यंत्राला सांगता येत नाही.

बाबल मेस्त्रीला सांगितलं तेव्हा
तो बराच वेळ विडी विझू देत बसला.
मग म्हणाला, "दीडशे रुपये इले हुते तेचे."
पुढे काहीच म्हणाला नाही.
पण परवा गेले तर खुंटाभोवती
करवंदीच्या काट्यांची वई होती,
आणि ती शेवंतीने घातलेली नव्हती.

आता त्याला नंबर आहे. त्रेचाळीस.
लिंग: नर. उंची: गुडघाभर.
उताराच्या विविधतेचा आकडा
दशांशचिन्हापुढे तीन घरं, अहवालात आहे.
शेऱ्याचा रकाना शेवंतीला विचारून भरला:
चव ठाऊक नाही.
एकोणीस झाडं फळतील तेव्हा बघू.

खाली पेन्सिलीने, माझ्यासाठी:
आमसुलांचे दोनशे रुपये देणे आहेत.