एकशे सतरावं अक्षर

परळला, सहाव्या मजल्यावर,
चार अंशांच्या खोलीत स्वेटर घालून
मी एक साखळी दुरुस्त करते.
तीनशेवर अमिनो आम्लं. बदलायचं आहे एकच.

बाबा गिरगावात खिळे जुळवायचे.
एकदा पत्रिकेत शुभ दिनाचा दीन झाला
आणि वरबापाने पाचशे प्रती
टेबलावर आपटल्या.
त्या रात्री भाताला हात न लावता म्हणाले,
"एका वेलांटीचं वजन तुला सांगतो, ऐक."
सांगितलं मात्र नाही. हात धुवून झोपले.

हे प्रथिन मूळचं जिवाणूचं.
शतावरीवरून नाव पडलेलं एक आम्ल
ते रक्तात सापडेल तिथे तोडतं.
बिघडलेल्या पेशींना नेमकं तेच लागतं,
घरी रांधता येत नाही. उपाशी मरतात.
पण पोराचं शरीर ह्या पाहुण्याला ओळखतं:
अंगावर पित्त उठतं, श्वास अडतो,
औषध दारातूनच परत.
शरीराचं तरी काय चुकलं?

म्हणून चेहरा बदलायचा, दात ठेवायचे.
जनुकात तीन अक्षरं हलवली
की प्रथिनात एक हलतं.
कागदावर सोपं आहे.
पंधरा वेळा नळीच्या तळाशी
नासलेल्या दुधासारखा गाळ बसला.
"घडी बसली नाही," तांडेल सर म्हणायचे,
जसं एखाद्याच्या संसाराबद्दल बोलावं.
"अठरा अंशांवर हलू दे रात्रभर. घाई नको."
केसांना त्या रश्शाचा वास. नवरा काही बोलत नाही,
खिडकी उघडतो.

सोळावी नळी स्वच्छ निघाली.
इतकी, की मला वाटलं मी काही घातलंच नाही.
आलेखात मात्र एकच उभा सुळका,
आणि ताकद मूळच्या एकसष्ट टक्के.
सर म्हणाले, "चालेल."
मग चष्मा पुसून पुन्हा, "चालेल की."

चहाला खाली उतरले.
इस्पितळासमोरच्या कठड्यावर वाळत घातलेले कपडे,
धुळ्याकडची एक बाई ते गोळा करत होती.
तिचा मुलगा, तोंडाला मास्क, डोक्यावर लोकरी टोपी,
भर एप्रिलात,
छोट्या शर्टाची घडी घालायला शिकत होता.
बाही दर वेळी बाहेर यायची.
त्याला वाटलं मी डॉक्टर आहे.
"ताई, तुमच्याकडे सुई नाही ना?"
नाही, म्हटलं.

आधी उंदीर, मग फायली, मग कोण जाणे किती वर्षं,
आणि तोवर हा...
एवढं वाक्य जुळवलं
आणि खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकले.

वर येऊन सोळावी नळी
उणे ऐंशीत ठेवली.
मार्करने नाव, तारीख, एकशे सतरा.
दोनदा वाचलं.
मग एकदा उलटीकडून.